फाइव्ह स्टार पंखे, एल-वन आणि ऑडिटची भीती

वाचकाचं पत्र, थोडक्यात: विदर्भातल्या एका नगरपरिषदेत लिपिक असलेल्या वाचक भगिनीकडे काही महिन्यांपूर्वी भांडार विभागाचं, म्हणजे खरेदीचं टेबल आलं. यंदाच्या यादीत साठ पंखे, काही एसी, वर्षभराचा कागद आणि कार्यक्रमांचे बॅनर आहेत. नवे मुख्याधिकारी म्हणतात, "यावेळी सगळी खरेदी पर्यावरणपूरक झाली पाहिजे, आता तसे नियमच आहेत." लेखापाल म्हणतात, "एल-वन (सर्वांत कमी दराची निविदा) सोडून एक खिळा जरी घेतलात, तरी ऑडिटला उत्तर तुम्हीच द्यायचं." याच टेबलावरच्या एका जुन्या सहकाऱ्यावर निवृत्तीच्या तोंडावर वसुली निघाली होती, ते त्या विसरलेल्या नाहीत. भरीला एका पुरवठादाराने 'ग्रीन स्पेसिफिकेशन' तयार टाइप करून आणून दिलं आहे. घरचे म्हणतात, टेबल बदलून माग. त्या विचारतात: "नियम नेमका कुणाचा खरा? मलाही पर्यावरणाची काळजी आहे. उन्हाळा दरवर्षी वाढतोय हे आम्ही अंगावर सोसतो. पण त्यासाठी नोकरी पणाला लावायची का? की टेबल बदलून घेऊ?"

ताई,

तुमच्या भीतीला आधार आहे, हे आधी मान्य करते. वसुलीचा धसका घेतलेल्या माणसाला 'घाबरू नका' म्हणून काही उपयोग नसतो. त्याला कागदावर पाय रोवायला जागा लागते. या पत्रात ती जागा शोधण्याचाच प्रयत्न आहे.

तुम्ही असं धरून चालला आहात की मुख्याधिकारी आणि लेखापाल परस्परविरोधी गोष्टी सांगत आहेत आणि तुम्हाला त्यातली एक बाजू निवडायची आहे. मला तसं वाटत नाही. एल-वन म्हणजे बाजारातली सगळ्यात स्वस्त वस्तू नव्हे. तुम्ही मागितलेल्या तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी दर, म्हणजे एल-वन. दोन लिफाफा पद्धत त्यासाठीच असते. पहिल्या लिफाफ्यात वस्तू अटीत बसते की नाही ते पाहायचं, आणि जे बसले त्यांचेच दर उघडायचे. लेखापाल बरोबर आहेत: दर उघडल्यावर 'हा जरा महाग आहे पण पर्यावरणपूरक आहे' म्हणून दुसऱ्या क्रमांकाला ऑर्डर दिलीत, तर तुम्ही नक्की अडकाल, आणि अडकायलाच हवं. मुख्याधिकारीही बरोबर असू शकतात, पण त्यांच्या इच्छेची जागा त्याआधी आहे, स्पेसिफिकेशन लिहितानाची. तिथे 'किमान इतके स्टार' लिहिलंत, की पुढे एल-वनच घ्यायचा आणि तोच पर्यावरणाला परवडणारा असतो.

आता नियम कुणाचा, ते पाहू. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने अधिसूचित केलेली विजेची उपकरणं घेताना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं, ठरवून दिलेलं किमान स्टार रेटिंग असलंच पाहिजे. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, खर्च विभागाने हे किमान आकडे ठरवून दिले होते: छताच्या पंख्याला पाच स्टार, गीझरला पाच, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला चार. हे नियम थेट बांधतात ते केंद्राच्या मंत्रालयांना आणि विभागांना. तुमच्या नगरपरिषदेला राज्याची खरेदी नियमपुस्तिका लागू आहे, म्हणजे उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली आणि नंतर वेळोवेळी सुधारलेली. तेव्हा 'केंद्राचा नियम आहे म्हणून' एवढंच मान्यतेसाठीच्या कार्यालयीन टिप्पणीत लिहू नका. लेखापरीक्षक विचारेल, हा तुम्हाला लागू कसा? त्याऐवजी लिहा की केंद्राने स्वतःसाठी हा निकष मान्य केला आहे, आणि आमच्या वापराचा हिशोब करून आम्हीही तो योग्य ठरवला आहे. पहिल्या वाक्यात आंधळं अनुकरण दिसतं. दुसऱ्यात तुम्ही विचार केलेला दिसतो.

बंधन वरच्या पातळीवर आणि स्थानिक संस्थांकडून प्रयत्नांची अपेक्षा, अशी रचना इतरत्रही आहे. जपानने २००० साली हरित खरेदीचा कायदा केला. त्यात केंद्रीय संस्थांनी दरवर्षी आपलं खरेदी धोरण ठरवून निकाल जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि स्थानिक संस्थांनी त्या दिशेने प्रयत्न करायचे आहेत. आपल्याकडे राज्य सरकारनेही काही बाबतींत पुढचं पाऊल टाकलं आहे. १ जानेवारी २०२२ पासून सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी नवी वाहनं विजेवरचीच घ्यायची, असा निर्णय राज्याने जाहीर केला होता. त्यामुळे 'आपल्याकडे फक्त दर बघतात' हे वाक्य आता पूर्ण खरं राहिलेलं नाही.

तुमचं दुसरं गृहीतक जास्त खोल आहे, आणि ते तुमचं एकटीचं नाही. पर्यावरणपूरक म्हणजे महाग, म्हणजे जनतेच्या पैशाचं नुकसान, असं आपण सगळेच धरतो. पंख्यांचाच हिशोब मांडू, कारण तिथे तो सोपा आहे आणि फसगतही तिथेच होते.

विक्रेता तुम्हाला सांगेल की जुना पंखा ७५ वॅट खातो, आमचा ३०. ही तुलना तुमच्या कामाची नाही. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं झालं आहे, त्यामुळे बाजारात नवा येणारा एक स्टारचा पंखासुद्धा साधारण ५० वॅटवर चालतो. तुम्हाला पंखे घ्यायचेच आहेत, तर तुलना ५० आणि ३० ची. फरक २० वॅट. रोज आठ तास आणि वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले तर २,००० तास होतात, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला ४० युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर ४०० रुपये. समजा फाइव्ह स्टार पंखा हजार रुपयांनी महाग पडला, तर अडीच वर्षांत फरक फिटतो आणि पुढे पंखा चालेल तोवर बचतच. साठ पंख्यांवर ती वर्षाला २४,००० रुपये होते. मी धरलेले दर आणि तास बदला. तुमच्या कार्यालयाचं वीजबिल काढा, त्यावरचा खरा दर घाला, पंख्यांचे खरे भाव घाला. उत्तर कदाचित दोन वर्षं येईल, कदाचित चार. पण ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांचं असेल, आणि लेखापरीक्षणात तेच टिकतं.

इथे एक अडचण आहे. पंख्यांचे पैसे एका लेखाशीर्षातून जातात आणि वीजबिल दुसऱ्यातून. खरेदीच्या फाईलवर जास्तीचे साठ हजार दिसतात, पण वाचलेले चोवीस हजार कुठल्याच फाईलवर दिसत नाहीत. बिल भरणारा टेबल वेगळा, खरेदी करणारा वेगळा. लेखापालांना जास्तीचा खर्चच दिसत असेल, तर त्यात त्यांचा हट्ट नाही, त्यांच्यासमोर अर्धाच हिशोब आहे. दुसरा अर्धा तुम्ही त्यांच्यापुढे ठेवा. टिप्पणी त्यांच्याकडे जाण्याआधी वीजबिलाच्या छायाप्रतीसह त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि आकडे त्यांच्याकडूनच तपासून घ्या. स्वतः तपासलेल्या आकड्याला विरोध करणं माणसाला जड जातं, आणि आकडा चुकला असेल तर तो वेळेत कळतो.

एसीबाबत मात्र मी मुख्याधिकाऱ्यांपेक्षा थोडं वेगळं बोलणार आहे. सगळीकडे फाइव्ह स्टार लावणं शहाणपणाचं नाही. २०१३ च्या त्याच निकषांत एक फार समंजस भेद आहे: वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त वापर अपेक्षित असेल तिथे स्प्लिट एसी पाच स्टारचा, आणि बैठकीच्या दालनासारख्या मर्यादित वापराच्या जागी तीन स्टार चालतो. सभागृहात आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास बैठक होत असेल, तर वर्षाचे साधारण तीनशेच तास भरतात. तिथे फाइव्ह स्टारचे जास्तीचे पैसे परत येणार नाहीत. नको तिथे भारी वस्तू घेणं हीसुद्धा उधळपट्टी आहे, मग तिला कितीही हिरवं नाव द्या. सामान्य वित्तीय नियमही हेच सांगतात: गरज भागेल असं स्पेसिफिकेशन असावं, खर्च वाढवणारी अनावश्यक वैशिष्ट्यं त्यात नसावीत. एसीच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १,६०० तासांच्या वापरावर काढलेले. तुमचे तास वेगळे असतील तर त्या प्रमाणात कमी-जास्त करून घ्या. आणि लेबलवरचा कालावधी जरूर पाहा. स्टारचे निकष अधूनमधून कडक होतात, गोदामातला जुना 'फाइव्ह स्टार' आजच्या निकषाने चार किंवा तीनचा असू शकतो.

त्याहून आधीचा प्रश्न: एसी हवाच का? तुम्ही विदर्भातल्या आहात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्यांचा किंवा साधा डेझर्ट कूलर जे काम करतो, ते कोकणातल्या दमट हवेत होणार नाही, पण तुमच्याकडे होतं. पाण्याची सोय असेल, तर टेबलांच्या मोठ्या हॉलसाठी कूलर, आणि सर्व्हर किंवा बंद खोलीसाठीच एसी, असा विचार करून पाहा. वरच्या मजल्याचं छत तापत असेल तर त्यावर पांढरा उष्णतारोधक लेप किंवा चुन्याचा हात द्यायला एका एसीच्या तुलनेत किती खर्च येतो, हे बांधकाम विभागातल्या अभियंत्याला विचारा. हरित खरेदीवर बोलताना लोक वस्तू कोणती घ्यावी इथून सुरुवात करतात. मला वाटतं, मागणीपत्रापासून करावी. यादीतून खोडली गेलेली वस्तू सगळ्यात कमी वीज खाते.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीने मला खरोखर काळजी वाटली, तिच्याकडे येते. तुम्ही ती ओघात लिहून गेलात: पुरवठादाराने तयार 'ग्रीन स्पेसिफिकेशन' आणून दिलं. ताई, तो कागद वापरू नका. त्यातला एक शब्दही नाही. तुम्हाला लेखापालांच्या एल-वनची भीती वाटते आहे, पण खरा धोका या कागदात आहे. असं स्पेसिफिकेशन बहुधा एकाच कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवलेलं असतं. एखादा विचित्र आकडा, एखादं खास प्रमाणपत्र, एखाद्या सुविधेचं फक्त तीच कंपनी वापरते ते नाव. उद्या दुसऱ्या निविदाकाराने तक्रार केली की अट एकासाठीच बेतली आहे, तर तो आक्षेप खरा ठरेल, आणि 'पर्यावरणासाठी केलं' हे उत्तर कुणी ऐकणार नाही. वाईट याचं वाटतं की अशा एका प्रकरणाने संपूर्ण कार्यालयात 'हरित खरेदी म्हणजे सेटिंग' असं होऊन बसतं आणि पुढची पाच वर्षं कुणी त्या वाटेला जात नाही.

तुमचं स्पेसिफिकेशन तुम्ही लिहा, आणि ते सार्वजनिक निकषांवर उभं करा. पंख्यासाठी: पात्यांच्या फेऱ्याचा व्यास (स्वीप) १२०० मिमी, बीईईचं चालू कालावधीचं पाच स्टार लेबल, ठरावीक वर्षांची वॉरंटी, नादुरुस्त झाल्यास किती दिवसांत बदलून मिळेल. बस्स. कंपनीचं नाव नाही. मग जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर तोच निकष लावून पाहा की किमान तीन-चार वेगवेगळ्या उत्पादकांचा माल त्यात बसतो का. बसत असेल तर त्या दिवसाचं पान छापून फाईलला जोडा. स्पर्धा होती, याचा तो पुरावा. एकच बसत असेल तर अट सैल करा, मनाला कितीही लागलं तरी. आणि त्या पुरवठादाराला निविदेत भाग घ्यायला मनाई नाही. इतरांसारखा दर भरू दे.

'इको-फ्रेंडली' असा नुसता शिक्का कुठल्याही वस्तूवर मारता येतो, म्हणून पुराव्याशिवाय तो मानू नका. भारतात १९९१ पासून इकोमार्क योजना आहे, मातीच्या मडक्याचं चिन्ह असलेली, आणि तिचे नवे नियम २०२४ मध्ये आले. पर्यावरणाचे खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे करण्याविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हा विक्रेत्याकडे पुरावा मागणं हा आगाऊपणा होत नाही. कंपोस्ट होणारी पिशवी म्हणून कुणी काही विकत असेल तर आयएस/आयएसओ १७०८८ नुसार चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. नसेल तर ती साधी प्लॅस्टिकची पिशवी समजा.

बॅनरबद्दल फार विचार करायची गरज नाही. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे, तिथे पर्यायच नाही. तारीख आणि पाहुण्यांची नावं सोडून वर्षानुवर्षं चालेल असा कापडी बॅनर एकदा शिवून घ्या, गावातल्या बचत गटाकडून दरपत्रक मागवता येईल.

कागदात एक सावधगिरी सांगते, कारण उत्साहात ती सुटते. पुनर्प्रक्रिया केलेला कागद रोजच्या पत्रव्यवहाराला, कच्च्या प्रतींना, प्रसिद्धीपत्रकांना उत्तम. पण 'अ' वर्गातला, कायम जतन करायचा अभिलेख, सभेचं इतिवृत्त, मालमत्तेच्या नोंदी, यांसाठी टिकाऊ कागदच हवा. पन्नास वर्षांनी कुणा आजीच्या घराचा उतारा वाचता आला पाहिजे. म्हणून दोन दर्जाचा कागद दोन स्वतंत्र बाबी म्हणून मागवा. मोठ्या मागणीआधी एक रीम प्रिंटरवर चालवून बघा, आणि प्रिंटरची मूळ सेटिंगच दोन्ही बाजूंनी छपाईची करून घ्या.

खरेदीच्या फाईलीत सहसा न येणारी आणखी एक गोष्ट: जुन्या वस्तूचं काय? तुमच्या भांडारात बंद पडलेले मॉनिटर, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून कमी होण्याची, वाट बघत पडल्या असतील. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम आणि २०२२ चे बॅटरी कचरा नियम यांनुसार हा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे जायला हवा. लिलावाची अट तशी लिहा, आणि नवी बॅटरी घेताना जुनी परत घेण्याची अट निविदेतच घाला. शिसं कुठल्यातरी भट्टीत वितळवलं जातं तेव्हा त्याचा धूर कुणाच्या तरी लेकरांच्या छातीत जातो, आणि ती वस्तू आपल्या सहीने बाहेर पडलेली असते.

आता टिप्पणी. नमुना देते, तुमच्या आकड्यांनी भरा: "कार्यालयाच्या मागणीनुसार ६० छतपंखे आवश्यक आहेत. मागील १२ महिन्यांच्या वीजबिलानुसार प्रति युनिट सरासरी दर रु. …. असून पंख्यांचा अपेक्षित वार्षिक वापर …. तास आहे. एक स्टार व पाच स्टार पंख्यांची किंमत व वीजवापर यांची तुलना सोबत जोडली आहे. त्यानुसार जादा खर्च …. वर्षांत भरून निघतो. सदर निकष कोणत्याही एका उत्पादकापुरता मर्यादित नाही, पोर्टलवरील उपलब्धतेची प्रत सोबत आहे. सबब किमान पाच स्टार हा तांत्रिक निकष ठेवून पात्र निविदाकारांपैकी न्यूनतम दराची निविदा स्वीकारण्यास मान्यता असावी." यावर मुख्याधिकाऱ्यांची सही निविदा निघण्याआधी घ्या. तोंडी आदेशावर एकही फाईल पुढे सरकवू नका. ते चांगल्या हेतूने सांगत असतील तर सही करायला त्यांची हरकत नसेल, आणि हरकत असेल तर तेही तुम्हाला आत्ताच कळलेलं बरं.

एवढं करूनही स्थानिक निधी लेखापरीक्षेत प्रश्न येऊ शकतो. प्रश्न येणं म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे. अनुपालनात, म्हणजे आक्षेपाच्या लेखी उत्तरात, हीच तुलना आणि हीच मान्यता जोडून पाठवा. एकट्या लिपिकाचा निर्णय अडचणीत येतो तो कारण लिहिलेलं नसल्यामुळे किंवा वरच्या मान्यतेशिवाय घेतल्यामुळे. तुमच्याकडे दोन्ही असेल.

छोट्या नगरपरिषदेच्या साठ पंख्यांनी काय होणार, असंही तुम्हाला वाटत असेल. सरकारी खरेदी किती दूरवर पोचते याचं आपल्याकडचंच उदाहरण आहे. केंद्र सरकारच्या ईईएसएल कंपनीने एलईडी बल्ब घाऊक निविदांनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा, २०१४ च्या सुरुवातीला, दर ३१० रुपयांच्या घरात होता. २०१६ पर्यंत तो ३८ रुपयांवर आला. उत्पादकांना मोठ्या मागणीची खात्री मिळाली म्हणून ते घडलं, आणि तो बल्ब मग किराणा दुकानातही स्वस्त झाला. शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदांच्या भांडारपालांशी बोलून सगळ्यांनी एकच निकष ठेवता आला, तर स्थानिक विक्रेतेही तो माल ठेवू लागतील.

टेबल बदलून मागण्याबद्दल: आत्ता नको, असं मला वाटतं. पण पुरवठादाराचा दबाव वाढला, किंवा लेखी मान्यता न देता खरेदी करायला सांगितलं गेलं, तर बदली मागणं हा पळपुटेपणा नाही. त्या वेळी अर्जात कारण स्पष्ट लिहा आणि प्रत जवळ ठेवा. तोवर यादीतली पंख्यांची फाईल आधी घ्या. तिचा हिशोब सरळ आहे, निकष सार्वजनिक आहे आणि विक्रेते पुष्कळ आहेत. एसीची फाईल अभियंत्याचा छताबद्दलचा अभिप्राय आल्यावर उघडा. आणि या आठवड्यात पहिलं काम, मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं संबंधित टेबलावरून मागून घ्या.